नागपूरहून तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर ट्राउटच्या फ्लाय फिशिंगसाठी जाऊ इच्छिणाऱ्या नागपूरकरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांना जाण्यायेण्याची चिंता अधिक असते. प्रत्यक्षात सहल फसते ती दोन कारणांनी: ऋतू चुकीचा निवडला जातो आणि घरून निघण्यापूर्वी हाताला सराव नसतो. म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरे इतरांपेक्षा लांब आहेत.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या गळापेक्षा ते वेगळे कसे?

तलावाच्या काठी बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसलेली माणसे विदर्भात आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तेथे आमिष खरे असते आणि गळ दूर जातो तो त्याच्या किंवा शिशाच्या वजनाने. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खरे नसते. बारीक गळावर पिसे, लोकर, केस आणि धागा बांधून पाण्यातल्या किड्याची प्रतिकृती केलेली असते आणि तिलाच ‘फ्लाय’ म्हणतात. तिचे वजन जवळजवळ काहीच नसल्यामुळे ती हाताने फेकली तर पायाशीच पडते. म्हणून येथे वजन दोरीत असते. या दोरीला लाइन म्हणतात आणि तिचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरची लाइन घेतली, तर तिच्या पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे ९ ग्रॅम भरते. रॉड मागे-पुढे झुलवला की ही लाइन हवेत उलगडत जाते आणि फ्लाय तिच्या शेवटी हलकेच पाण्यावर उतरते. म्हणजे आपण फ्लाय फेकत नसून लाइन फेकत असतो. एवढे मनात पक्के बसले, की पुढचे शिकणे निम्म्याने सोपे होते.

ट्राउट पेंचमध्ये, कन्हानमध्ये किंवा विदर्भातल्या एखाद्या तलावात का सापडत नाही?

कारण तो थंड पाण्याचा मासा आहे. ब्राउन ट्राउटला साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचे खाणे मंदावते आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. समुद्रसपाटीच्या हिशेबाने १० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. आपले मरळ आणि शिंगी हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात, म्हणून ते उन्हाळ्यातल्या आटत्या तलावात तग धरतात. ट्राउटला ती सोय नाही. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथील उघड्या पाण्यात हा मासा एक उन्हाळाही काढू शकणार नाही.

मग हा मासा हिमाचलचा मूळ रहिवासी आहे का?

नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला आणि रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या छंदासाठी ब्राउन ट्राउटची अंडी जहाजातून बर्फात ठेवून काश्मीरला आणली. पहिला प्रयत्न फसला आणि १९०० साली आणलेली अंडी जगली. कुल्लू खोऱ्यात हे काम १९०९ च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याने सुरू केले आणि काश्मीरहून आणलेल्या अंड्यांवर तेथील पैदास केंद्र उभे राहिले. रेनबोची व्यापारी शेती त्यानंतर पुष्कळ काळाने, पतलीकुहल येथे नॉर्वेच्या सहकार्याने वाढली.

या नद्यांचा खरा रहिवासी म्हणजे ‘असला’, ज्याला इंग्रजी नावावरून स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउटच्या कुळातला नाही. तो आपल्या रोहूच्या, म्हणजे कार्प माशांच्या कुळात मोडतो. ब्राउन ट्राउट छोटे मासे खातो आणि त्याच दगडांआडची जागा बळकावतो, त्यामुळे ‘असला’ माशावर ताण येतो. ज्यांना या नदीबद्दल खरोखर माया आहे, त्यांनी ही बाजू नजरेआड करू नये. गळाला ‘असला’ मासा लागला तर त्याला ट्राउटपेक्षाही अधिक जपून सोडावे आणि कोणताही जिवंत मासा एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात कधीही नेऊ नये.

इतक्या नद्या असताना तीर्थनच का?

काश्मीरमध्ये लिद्दर आहे, मंडी जिल्ह्यात बरोटला उहल आहे, रोहडूजवळ पब्बर आहे, सांगल्याला बास्पा आहे. प्रत्येकीचा स्वभाव निराळा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तीर्थन सुचवण्याचे कारण असे, की नदी फार रुंद नाही, दहा मीटरचा कास्ट, म्हणजे लाइनची फेक, जमला तरी बहुतेक जागा आवाक्यात येतात आणि बंजारपासून गुशैनीपर्यंत रस्ता नदीच्या सोबतीने जातो. ती ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागातून उतरते, त्यामुळे तिचे पाणी बराच काळ निर्मळ राहते. या उद्यानाला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मनालीसारखी गर्दी या खोऱ्यात नाही, आणि सप्टेंबरअखेरीस सकाळी नदीवर तासभर एकही माणूस दिसत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजूबाजूच्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प झाले, पण तीर्थनवर ते होऊ नयेत म्हणून खोऱ्यातल्या लोकांनी लढा दिला आणि माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढे होते. तीर्थन लारजीपर्यंत मोकळी वाहते आणि तेथे बियास नदीला मिळते. धरणाची दारे उघडतील-बंद होतील तसे दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्यात किड्यांची पैदास नीट होत नाही, आणि किडे नसतील तर ट्राउटही नाही. त्या लोकांच्या हट्टामुळेच आज आपल्याला तेथे गळ टाकता येतो, याची जाणीव ठेवून तेथे जावे.

कोणत्या महिन्यात जावे?

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ आहे. मादी गोट्यांच्या तळात शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. १० अंशांच्या पाण्यात अंड्यांतून पिले बाहेर यायला सुमारे ४० दिवस लागतात, आणि पाणी त्याहून बरेच थंड असेल तर याच्या दुपटीहून जास्त. त्या काळात नदीत नुसते चालले तरी पायाखाली अंडी चिरडतात. म्हणून ही बंदी कागदापुरती समजू नये.

उरलेले आठ महिने सारखे नाहीत. मार्चमध्ये पाणी स्वच्छ पण बर्फासारखे गार असते. मासा तळाशी जड होऊन पडलेला असतो आणि दुपारी ऊन चढल्यावर तासदोन तासच हालचाल करतो. एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. त्यानंतर वरचा बर्फ वितळू लागतो आणि दुपारनंतर नदी दुधट होऊन फुगते. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, तेव्हा जाऊच नये. जुलै २०२३ मध्ये कुल्लू आणि मंडी जिल्ह्यांत पुराने जे झाले ते सर्वांनी पाहिले आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि संपूर्ण ऑक्टोबर हा माझ्या मते वर्षातला सर्वोत्तम काळ आहे. पाणी उतरलेले आणि काचेसारखे असते आणि हिवाळ्यापूर्वी मासा भरपूर खात असतो.

आपली अडचण अशी, की नागपूरच्या शाळांना मोठी सुटी मे महिन्यात असते आणि घरचे सगळे तेव्हाच मोकळे असतात. मे महिन्यातच जायचे असेल तर पहिल्या पंधरवड्यात जावे आणि सकाळी सहा ते दहा एवढ्याच वेळात गळ टाकावा. दिवाळीच्या सुटीवर विसंबण्यापूर्वी पंचांग पाहावे, कारण दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली तर हंगाम संपलेला असतो.

दसऱ्याबाबत वेगळी सूचना आहे. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. गावोगावचे देव पालखीतून ढालपूरच्या मैदानावर येतात. त्या आठवड्यात कुल्लूच्या आसपास खोल्या आणि वाहने मिळणे कठीण होते. याच दिवसांत आपल्याकडे दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि नागपूरच्या गाड्या दोन्ही दिशांना भरून जातात. म्हणून प्रवास दसऱ्याच्या निदान आठवडाभर आधी किंवा नंतर ठेवावा.

परवाना लागतो का?

लागतो. तो हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून दिवसांच्या हिशेबाने मिळतो, आणि बहुतेक यजमान किंवा गाइड तो काढून देण्यास मदत करतात. तरीही आपल्या नावाचा परवाना आपल्या हाती येईपर्यंत रॉड जोडू नये. परवान्यावर रोज किती मासे ठेवता येतील आणि किती लांबीपेक्षा लहान मासा सोडलाच पाहिजे, हे दिलेले असते. ते त्या वर्षीच्या कागदावरूनच वाचावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. कोणी वीज, सुरुंग किंवा विष वापरून मासे मारताना दिसल्यास जवळच्या मत्स्य कार्यालयाला कळवावे.

नागपूरहून कसे जायचे?

नागपूर ते दिल्ली सुमारे १,१०० किलोमीटर. रेल्वेने एक रात्र किंवा एक दिवस, विमानाने दोन तासांच्या आत. दिल्लीहून मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसने सकाळी औटला उतरायचे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: औटच्या पुढे जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा आहे आणि बस त्यात शिरली की आपला फाटा मागे राहतो. चालकाला रात्रीच सांगून ठेवावे. औटहून लारजीमार्गे बंजार आणि पुढे गुशैनीपर्यंत स्थानिक बस आणि टॅक्सी मिळते.

चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड पाऊण मीटरच्या नळीत मावतो आणि बर्थखाली व्यवस्थित राहतो. विमानाने जाताना फ्लायची डबी, कात्री आणि पक्कड हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात द्यावी.

नागपुरात सराव करता येईल का? येथे तर वाहती गार नदी नाही.

करता येईल आणि केलाच पाहिजे. कास्टिंग शिकायला पाणी लागत नाही, गवत लागते. लाइन मातीवर किंवा सिमेंटवर घासली तर तिचे आवरण खराब होते, एवढ्यासाठीच हिरवळ हवी. दिल्लीपर्यंत एक रात्र, पुढे दुसरी रात्र बसमध्ये घालवून, गाइडला दिवसाचे पैसे देऊन पहिले दोन दिवस लाइनचा गुंता सोडवण्यात घालवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. महिनाभर आठवड्यातून तीन सकाळी वीस-वीस मिनिटे दिली असती तर ते टळले असते.

सराव असा करावा. सकाळी सहाच्या सुमारास, वारा सुटण्यापूर्वी, मोकळ्या मैदानावर जावे. मागे तीस फुटांत झाड, तार किंवा माणूस नाही याची खात्री करावी. लाइनच्या पुढे जोडलेल्या बारीक धाग्याच्या, म्हणजे लीडरच्या, टोकाला गळ न लावता लाल लोकरीचा लहानसा गोंडा बांधावा. टोपी आणि चष्मा तरीही घालावा, कारण सवय आताच लागायला हवी. घरातले एक ताट आठ-दहा मीटरवर ठेवावे. आपल्या बाजूला एक मोठे घड्याळ उभे आहे, त्यात दहाचा काटा पुढे आणि एकचा मागे आहे, असे समजून रॉड दहाच्या आणि एकच्या काट्यादरम्यान हलवायचा. सावकाश सुरू करायचे, वेग वाढवत न्यायचा आणि एकच्या काट्यावर झटकन थांबायचे.

खरे शिकायचे ते हे थांबणे. रॉड मागे थांबला की लाइन हवेत आधी वळसा घेते आणि मग मागे सरळ होते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत हाताने वाट पाहायची. घाई केली तर आसुडासारखा फटकारा ऐकू येतो. खऱ्या मासेमारीत त्या फटकाऱ्यासरशी फ्लाय तुटून गेलेली असते. पहिल्या आठवड्यात मान वळवून मागची लाइन डोळ्यांनी पाहावी, त्यात कमीपणा नाही. काही दिवसांनी लाइन सरळ झाली की मुठीत हलकासा ओढा जाणवू लागतो आणि मग मान वळवावी लागत नाही. कोपर अंगापासून सुटत असेल तर काखेत एक वही धरावी. वही पडली की चूक लक्षात येते. मनगट ढिले पडणे हा दुसरा दोष. रॉडचे बूड हाताच्या पुढच्या भागाला लागून राहिले पाहिजे.

ताटात दहापैकी चार वेळा गोंडा पडू लागला, की तीर्थनसाठी हात तयार झाला. याहून लांब फेकण्याच्या मागे लागू नये.

कोणते सामान घ्यावे?

पहिल्या वेळी सगळे विकत घेऊ नये. सरावासाठी एखाद्या मित्राचा रॉड मिळाला तर उत्तम, आणि नदीवर गाइडकडे संच भाड्याने मिळतो. घ्यायचाच असेल तर साडेआठ किंवा नऊ फुटांचा, पाच नंबरचा रॉड, त्याच नंबरची तरंगणारी लाइन आणि नऊ फुटांचा टोकाकडे निमुळता होत जाणारा लीडर. लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक धाग्याला टिपेट म्हणतात. तीर्थनवर ४एक्स आणि ५एक्स पुरतात, म्हणजे अनुक्रमे ०.१८ आणि ०.१५ मिलिमीटर जाडीचे. रीलवर फार खर्च करू नये. या आकाराच्या नदीत ती लाइन सांभाळण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

जे हमखास विसरले जाते ते असे: गॉगल पोलराइज्ड असावा, कारण त्याने पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. आणि बुटांचा तळ घट्ट पकड घेणारा असावा, कारण तीर्थनचे गोटे शेवाळाने निसरडे असतात.

नदीत मासा नेमका कुठे असतो?

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि पाण्यातून वाहत येणारे अन्न टिपतो. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: अंगाला पाण्याचा जोर लागू नये आणि तोंडापुढून अन्न जावे. या दोन्ही जेथे एकत्र येतात तेथे तो असतो. मोठ्या दगडाच्या मागे, आणि पुष्कळदा दगडाच्या पुढेही, जेथे पाणी अडून किंचित थबकते. खळाळ संपून डोह सुरू होतो त्या ओठावर. आणि वेगवान धार व मंद पाणी यांच्या शिवेवर, जेथे फेसाची एक रेघ वाहताना दिसते. नवीन माणूस सर्वांत आधी खोल, हिरव्या डोहाच्या मध्यभागी गळ टाकतो. त्याऐवजी फेसाच्या त्या रेघेवर नजर ठेवावी, कारण फेस वाहतो तेथूनच किडेही वाहतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी काठाजवळचा मुठीएवढा एक दगड उचलून उलटा करून पाहावा. त्याच्या ओल्या पोटावर चपटे, तीन शेपट्यांचे, भराभर सरकणारे जीव दिसतील. ती मेफ्लायची पिले. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, भाताच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नळी दिसेल. क्षणभर स्थिर धरली तर तिच्या टोकातून काळे डोके आणि सहा पाय बाहेर येतात. ही कॅडिसची अळी. तिने आपले घर तळाच्या वाळूतूनच बांधलेले असते. ट्राउटचे बहुतांश जेवण हेच, पाण्याखालचे. डबीतली कोणती फ्लाय लावायची याचे उत्तर त्या दगडावर असते. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवावा.

मासा वरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून पाहतो; त्या खिडकीबाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. उंच उभा माणूस त्या खिडकीत लवकर येतो. म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूने, वाकून, शक्य तर गुडघ्यावर बसून जावे आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये.

फ्लाय पाण्यावर पडते, पण मासा घेत नाही. असे का होते?

दहापैकी आठ वेळा कारण फ्लायचा प्रकार नसून तिचे वाहणे असते. खरा किडा पाण्याच्या वेगाने वाहतो. आपली लाइन मात्र मधल्या वेगवान धारेवर पडते, पोट काढते आणि फ्लायला ओढत नेते. मासा ते ओळखतो. उपाय म्हणजे लाइन पडताच रॉडच्या टोकाने तिचे पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकणे, ज्याला मेंड करणे म्हणतात. असा निर्वेध प्रवास दोन सेकंदांचा असला तरी पुरतो.

पाण्याखालून वाहणाऱ्या निम्फवर, म्हणजे किड्याच्या पिलाच्या प्रतिकृतीवर, मासा लागला तर धक्का बसत नाही. लाइनचे टोक फक्त थबकते किंवा कडेला सरकते. शंका आली की रॉड हलकेच उचलावा. पाण्यावरच्या ड्राय फ्लायवर मासा आला तर उलट, क्षणभर थांबून उचलावा, कारण त्याला तोंड मिटायला वेळ द्यावा लागतो.

मासा सोडायचा असेल तर तो जगतो का?

नीट सोडला तर जगतो. तयारी गळापासून होते: फ्लाय बांधण्यापूर्वी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. असा गळ सहज निघतो आणि चुकून स्वतःच्या बोटात शिरला तरीही तेवढाच सहज निघतो. मासा फार वेळ खेळवू नये. दमलेल्या माशाच्या अंगात जो ताण साठतो त्यानेच तो पुढे मरतो.

हात आधी पाण्यात बुडवावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. कल्ल्यांना बोट लावू नये, पोट दाबू नये. गळ शक्यतो पाण्यातच काढावा. मग मासा दोन्ही तळहातांवर, तोंड प्रवाहाकडे करून, सैल धरावा. सुरुवातीला तो एका कुशीवर कलतो. कल्ले उघडझाप करू लागतात, पाठीवरचे काळे ठिपके आणि कडेचे लाल ठिपके स्पष्ट दिसतात, मग शेपूट एकदा हलते. त्या वेळी सोडू नये. दुसऱ्यांदा शेपूट जोराने हलेल तेव्हा तो स्वतःच हातातून जातो.

छायाचित्र घ्यायचे असेल तर सोबत्याने आधी तयार राहावे. मासा पाण्याबाहेर किती वेळ ठेवावा, असे विचारले तर मी सांगतो: तुम्ही स्वतः श्वास रोखा, आणि तुम्हाला श्वास घ्यावासा वाटण्याच्या बराच आधी तो पाण्यात गेला पाहिजे.

पकडलेला मासा खाता येतो का?

परवान्याच्या मर्यादेत असेल तर येतो, आणि त्यात गैर काही नाही. तरी माझे मत असे आहे की नदीतला ब्राउन ट्राउट सोडावा आणि खाण्यासाठी खोऱ्यातल्या शेतीतला रेनबो घ्यावा. तो ताजा असतो आणि त्याचे पैसे थेट तेथल्या कुटुंबाकडे जातात. आपल्या सावजी मसाल्यात तो करू पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे, की त्याचे मांस नाजूक असते. मीठ, हळद, मोहरीचे तेल आणि तवा यापलीकडे त्याला काही लागत नाही.

मुक्काम आणि गाइड ठरवताना काय विचारावे?

माझ्या पहिल्या फेरीत ‘ट्राउट फिशिंगसह मुक्काम’ असे ठरले होते, आणि पोहोचल्यावर मला अंगणातल्या सिमेंटच्या हौदापाशी नेण्यात आले. तेथे खाद्यावर वाढवलेले मासे होते आणि कोणीही गळ टाकला तरी लागत होते. आठ वर्षांचा एक मुलगा एकामागून एक मासे बाहेर काढत होता आणि ते सिमेंटवर तडफडत होते. मी त्या दुपारी रॉड नळीतून काढला नाही. दोष माझाही होता, कारण मी विचारलेच नव्हते.

म्हणून फोनवर स्पष्ट विचारावे: गळ नदीत टाकायचा की तलावात? गाइड फ्लाय वापरतो की फिरती चकाकती पाती? परवाना माझ्या नावाने निघेल का? मासा सोडण्यास त्याची हरकत नाही ना? एका गाइडकडे दोनपेक्षा जास्त माणसे असतील तर शिकणे होत नाही, हेही पाहावे. गाइड गावातलाच असावा, हा माझा आग्रह आहे. आज कोणत्या दगडामागे पाणी थबकते आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

पोहता येत नाही. नदीत उतरणे सुरक्षित आहे का?

तीर्थनवर काठावरून आणि घोट्याएवढ्या पाण्यातून पुष्कळ जागा मिळतात, आणि पोहता न येणाऱ्याने तेथेच राहावे. पोहता येणाऱ्यानेही गुडघ्याच्या वर जाऊ नये. थंड पाण्यात पाय काही मिनिटांत बधिर होतात आणि वाहत्या पाण्याचा जोर दिसतो त्याहून पुष्कळ जास्त असतो. एक पाऊल घट्ट रोवल्याशिवाय दुसरे उचलू नये आणि हाती काठी ठेवावी. पडलाच तर पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून पाठीवर तरंगत काठाकडे सरकावे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याची धडपड करू नये, पाय दगडांत अडकतो.

पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने व काटक्या येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान सोडून वर चढावे. वर कुठे तरी पाऊस झालेला असतो, आपल्या डोक्यावर ऊन असले तरी. लारजीच्या खाली बियासमध्ये तर उतरूच नये. तेथे धरणाचे पाणी सोडले जाते, आणि ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ याच कारणाने हैदराबादहून आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले होते.

मुलांना सोबत नेता येईल का?

दहा वर्षांच्या पुढचे मूल नागपुरात ताटावर सराव करून आले असेल तर त्याला मोठ्यांपेक्षा लवकर जमते, कारण ते जोर लावत नाही. त्याहून लहान मुलांना दगड उलटून किडे पाहण्यात अधिक रस असतो. त्यांना तेच करू द्यावे. लाइफ जॅकेट आणि चष्मा याबाबत तडजोड करू नये.

एकूण किती दिवस हवेत?

प्रवास धरून आठ. जाण्यात दोन, येण्यात दोन, नदीवर चार. पोहोचल्या दिवशी गळ टाकू नये. दोन रात्रींच्या प्रवासाने शिणलेला माणूस निसरड्या दगडांवर पडतो. त्या संध्याकाळी परवाना घ्यावा आणि उजेड असेपर्यंत काठावर बसून कोणत्या जागी मासा पाण्यावर येतो ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडसोबत निम्फ, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किडे उडू लागल्यावर ड्राय फ्लाय. चौथ्या दिवशी गाइड न घेता, पहिल्या संध्याकाळी हेरून ठेवलेल्या जागी एकट्याने जावे.